अनुभव धागा: ‘होते असं’ म्हणून अंगावर काढलेली दुखणी

नागपूरच्या एका शाळेत मी २२ वर्षं विज्ञान शिकवते आहे. दहावीला प्रजननाचा पाठ आला की वर्ग एकदम गप्प होतो. फळ्यावर मी आकृती काढते: मधे गर्भाशय, दोन्ही बाजूंना १०-१२ सेंटीमीटरच्या बीजवाहिन्या, टोकाशी अंडाशय. मुलं नावं पाठ करतात आणि घरी गेल्यावर त्याच अवयवांना ‘तिथं’ आणि ‘खाली’ म्हणतात. मीही म्हणत होते.

४१व्या वर्षी माझी पाळी आठ-आठ दिवस चालू लागली, रक्ताच्या गाठी पडायच्या, तासा-दीड तासाला पॅड बदलावं लागायचं. शेजारच्या काकूंपासून स्टाफरूमपर्यंत सगळ्या म्हणाल्या, ‘या वयात होते असं.’ दीड वर्ष अंगावर काढलं. एक दिवस शाळेचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा हिमोग्लोबिन ६.८ निघालं. गर्भाशयाच्या स्नायूत फायब्रॉइडच्या तीन गाठी होत्या. त्या कर्करोगाच्या नव्हत्या, पण रक्तक्षयानं मला पार पिळून काढलं होतं.

तुमच्या घरात असं काय अंगावर काढलं गेलं, ते इथे लिहा. नाव नको, वस्ती आणि वय पुरे. दवाखान्याचं नावही नको. पण किती दिवस, किती रक्त, नेमकं कुठे दुखलं, हे स्पष्ट लिहा.

नंदनवन, ४४

माझा मुलगा तेव्हा नववीत होता. पहाटे चारला उठून म्हणाला, ‘आई, पोट दुखून राहिलं.’ उलटीही झाली. आदल्या दिवशी तर्री पोहे खाल्ले होते, मला वाटलं तेच बाधले. ओवा दिला, पोट शेकलं. दहाला जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं पोटदुखीचं इंजेक्शन मिळालं. दिवसभर तो गुडघे पोटाशी घेऊन पडून होता. संध्याकाळी वडील घरी आले, तेव्हा त्यांना बाजूला नेऊन त्यानं सांगितलं की डावी बाजू सुजली आहे, हात लावू देत नाही.

रात्री आठला सर्जननं तपासलं. वृषण ज्या नळीला लटकलेलं असतं, तिला पीळ पडला होता आणि रक्त पोचणं बंद झालं होतं. साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं, असं त्यांनी सांगितलं. आमचे सोळा तास झाले होते. ते काढावं लागलं. दुसरंही तसंच सैल असू शकतं, म्हणून त्याला आतून टाके घालून पक्कं केलं. एका वृषणावर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, पुरेसं तयार होतं, पुढे मूलही होऊ शकतं. डॉक्टरांनी हे मुलाला समोर बसवून समजावलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

पण त्याच्याजवळ शब्द नव्हता हो. लहान असताना मीच त्याला ‘शी, तिथलं बोलायचं नाही’ म्हणून गप्प केलं होतं.

धागाकर्ती

ताई, त्याचं पोट खरोखरही दुखत असणार. बाळ गर्भात असताना वृषणं पोटातच, मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि नंतर खाली उतरतात. त्यांच्या नसा पोटाच्याच वाटेनं येतात, म्हणून कळ पोटात जाणवते. तुम्ही लिहिलंत, त्यामुळे आता मी मुलांच्या वर्गात हे नाव घेऊन सांगणार: अचानक पोट दुखलं आणि उलटी झाली तर खालीही बघा, आणि लगेच मोठ्यांना सांगा.

हिंगणा रोड, २७

माझी पहिली पाळी १३व्या वर्षी आली. दुसऱ्या वर्षापासून पहिले दोन दिवस मी शाळेत जाऊच शकत नव्हते. आजी म्हणायची, ‘आम्हालेही दुखे, लग्न झालं की थांबते.’ कॉलेजात असताना दोन वेळा सोनोग्राफी झाली, दोन्ही वेळा नॉर्मल. त्या नॉर्मल कागदानंच माझं जास्त नुकसान केलं, कारण त्यानंतर घरात मी नाटकी ठरले. पाळीत शौचाला बसलं की आतून सुरी फिरवल्यासारखं व्हायचं, पण हे कोणाला सांगणार?

२४व्या वर्षी एमआयडीसीत कामावर असताना मशीनपाशीच कोसळले. तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तो नेमका प्रश्न विचारला: ‘पाळीत शौचाच्या वेळी दुखतं का?’ मी रडायलाच लागले. एंडोमेट्रिओसिस निघालं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, अंडाशयावर आणि आतड्याजवळ वाढलेला असतो. दर महिन्याला हार्मोन्सच्या तालावर तोही फुगतो, त्यातून रक्त जातं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. उजव्या अंडाशयात जुन्या रक्तानं भरलेली गाठ होती, तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, आता प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू आहेत. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. मूल होण्याच्या वयातल्या दहा टक्के बायकांना हे असतं. म्हणजे माझ्या शाळेच्या वर्गात आणखी दोघी-तिघी असणार, आणि त्यांनाही कोणीतरी ‘लग्न झालं की थांबते’ म्हणत असेल.

वाडी, ३६

पुरुषांनीही लिहावं म्हणून लिहितो. ट्रान्सपोर्टच्या लाइनमध्ये आहे. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नव्हतं. तीन वर्षं सगळ्या तपासण्या बायकोच्याच झाल्या: थायरॉइड, प्रोलॅक्टिन, बीजवाहिन्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे. त्या एक्स-रेच्या वेळी तिचा हात पकडायलाही मी आत नव्हतो. माझी तपासणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात स्वस्त, ती सगळ्यात शेवटी झाली. घरात कोणी सुचवलीच नाही आणि मीही विषय काढला नाही.

एका मिलिलीटरमध्ये निदान १ कोटी ६० लाख शुक्राणू हवेत, माझे ४० लाख निघाले. डाव्या वृषणाच्या शिरा फुगल्या होत्या, याला व्हेरिकोसील म्हणतात. डावीकडची शीर वर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून तिथं रक्त तुंबायची शक्यता जास्त. वृषणांना शरीरापेक्षा २-३ अंश थंडावा लागतो आणि तुंबलेलं रक्त त्यांना गरम ठेवतं. ऑपरेशन झालं. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे पुढचा रिपोर्ट तीन महिन्यांनी. तो १ कोटी ९० लाख आला. मूल अजून नाही. पण सोळा सोमवार करणाऱ्या बायकोला मी जवळ बसवून सांगितलं की यात तुझं काही चुकलेलं नव्हतं, आणि आईलाही तिच्यादेखत सांगितलं.

प्रतापनगर, २०

मला पीसीओएस आहे, म्हणजे हार्मोन्सचा बिघाड, त्यात सोनोग्राफीत अंडाशयात बारीक ‘गाठी’ दिसतात. ‘गाठी’ हा शब्द ऐकून आई घाबरली होती. खरं तर त्या पूर्ण न वाढलेल्या अंड्यांच्या बारीक पिशव्या असतात, ऑपरेशन करून काढायच्या गाठी नाहीत. पाळी चार-चार महिने यायची नाही, तेव्हा मैत्रिणी म्हणायच्या, ‘मजा आहे तुझी.’ डॉक्टरांनी समजावलं की पाळी फार लांबली तर अस्तर साचून जाड होत राहतं, म्हणून मधूनमधून औषध देऊन ती आणावी लागते. हनुवटीवरच्या केसांबद्दल पुन्हा कधी लिहीन, आज नाही.

सक्करदरा, ३८

माह्या सासूची गोष्ट आहे. पाळी बंद होऊन सात वर्षं झाली होती. मागच्या उन्हाळ्यात तिले कपड्यावर डाग दिसले. कोणाले बोलली नाही, चुपचाप धुवून टाके. मले दोरीवरच्या कपड्यावरून समजलं. विचारलं तं म्हणे, ‘उष्णता झाली असंन, ४५ डिग्रीत होते असं.’ भिजवलेला सब्जा घेऊन राहिली होती रोज.

मी नर्सबाईले फोन लावला. त्या म्हणाल्या, बारा महिने पाळी बंद राहिली आणि मग एक थेंब जरी गेला, तरी दाखवायचंच. सोनोग्राफीत अस्तर जाड निघालं, तुकडा तपासाले पाठवला. कॅन्सर होता, पण पिशवीच्या आतच होता. पिशवी आणि दोन्ही अंडाशय काढले. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते, तब्येत बरी आहे.

आता बचत गटाच्या बैठकीत हिशोब झाला की सासू एकेकीले जवळ बसवून विचारते, ‘तुही बंद होऊन किती वर्षं झाली? मंग काही जाते का अंगावर?’ पहिल्या दिवशी सगळ्या लाजल्या. दुसऱ्या बैठकीले एक जण तिच्यासाठी मागं थांबली होती.