वाड्यातला हिस्सा ठेवावा, विकून फ्लॅट घ्यावा का आहे तसं भाड्यानेच राहावं? (बडोदा)

मांजलपूरवाली
नमस्कार मंडळी. दांडिया बझारजवळ आमच्या आजोबांचा वाडा आहे. ते गेले तेव्हा मृत्युपत्र वगैरे काही नव्हतं, त्यामुळे बाबा, दोन काका आणि दोन आत्या सगळ्यांचा सामायिक. राहतात फक्त धाकटे काका-काकू, आणि खाली एक जुना भाडेकरू ज्याच्या भाड्यात महिन्याचं दूधसुद्धा येणार नाही. आम्ही मांजलपूरला पंधरा हजार भरून टू बीएचके मध्ये. आता मोठे काका म्हणतायत बिल्डर आलाय, विका नि मोकळे व्हा. सासूबाईंचं म्हणणं पैसे आले की आधी स्वतःचं घर, इथे भिंतीला खिळा मारायचा तरी विचारावं लागतं. नवरा म्हणतो साठ लाखाच्या खाली धड काही मिळत नाही, भाडंच बरं. आणि मला वाडा विकावासाच वाटत नाही, पण गळका वाडा ठेवून करायचं काय हेही कळत नाही. कुणाच्या घरी असं झालंय का?

जुना रावपुरेकर
ताई, आधी एक स्पष्ट सांगतो, हिस्सा तुमचा नाही, बाबांचा आहे. ते आहेत तोवर ठरवणार ते. दुसरं, प्रॉपर्टी कार्ड काढून बघा त्यावर दोन्ही आत्यांची नावं चढलीयत का. वाडा आजोबांच्या स्वकमाईचा असेल आणि मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच मुलींचा मुलांइतका हिस्सा आहे, लोक उगाच २००५ ची दुरुस्ती मध्ये आणतात, ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीची गोष्ट. त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये असं आहे की अशा वारसांतला एक जण आपला हिस्सा विकायला काढतो तेव्हा बाकीच्या वारसांना तो आधी घ्यायचा हक्क असतो. आणि काकांनी एकट्यांनी बिल्डरला आपला हिस्सा विकला तरी बिल्डर उद्या येऊन माजघरात खाट टाकू शकत नाही, राहत्या घराचा अविभक्त हिस्सा घेणाऱ्या परक्याला एकत्र ताबा मागता येत नाही. त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो, मग कोर्टाने ठरवलेल्या किमतीत तुम्ही त्याचा हिस्सा विकत मागू शकता. तेव्हा घाबरून कुणाला कुलमुखत्यारपत्र देऊ नका.
आणि हो, जुन्या शहराचा बराच भाग अशांत धाऱ्यात (दंगलग्रस्त भागातल्या घरांच्या खरेदी-विक्रीवर बंधन घालणारा गुजरातचा कायदा) येतो, तुमचा येत असेल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय दस्तावेज होणारच नाही. बिल्डर हे आधी सांगत नाहीत.

हिशोबी
मी फक्त आकडे टाकतो, भावना तुमच्या तुम्ही बघा. पंधरा हजार म्हणजे वर्षाचे १ लाख ८० हजार, साठ लाखाच्या घरावर हे ३ टक्के झाले. तेच घर घेतलं, ४८ लाख कर्ज, वीस वर्षं, ८.५ टक्के धरा, हप्ता साडेएक्केचाळीस हजारांच्या वर जातो. शिवाय स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के आणि रजिस्ट्रेशन १ टक्का, म्हणजे साडेतीन लाख पहिल्याच दिवशी गेले. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर गुजरातमध्ये ती १ टक्का फी माफ आहे, तुमचे साठ हजार वाचतील. पण गंमत बघा, वाडा विकून आलेल्या नफ्यावरचा इन्कम टॅक्स नवं घर घेऊन वाचवायचा तर ते घर वाडा विकणाऱ्याच्या नावावर पाहिजे, म्हणजे बाबांच्या! एकीकडे वाचवायला जाल तर दुसरीकडे जाईल, सीएला विचारूनच करा.
भाड्याचं दुखणं पैशाचं नाहीच. वर्षाच्या वरची लीज रजिस्टर करावी लागते म्हणून सगळे अकरा महिन्यांचा करार करतात आणि मग दरवर्षी घरमालकाचा मूड बघत बसायचं. तरी मी म्हणेन भाडं, पण हप्ता आणि भाडं यातला फरक दर महिन्याला खरंच बाजूला पडत असेल तरच, खरेदी-हॉटेलात उडत असेल तर कर्ज काढलेलं बरं.

पोळातली
आमचाही घडियाळी पोळाजवळ सामायिक वाडा आहे, त्यामुळे हे सगळं रोजचं. ज्याच्या डोक्यावर गळतं तो ओरडतो आणि बाकीचे म्हणतात वापरतो तोच करेल ना! पण त्याच घरात भांडी बघा. तांब्याचं घंगाळ, दोन मोठी पातेली, जिलबीची कढई, पाट, सतरंज्या, सगळं सामायिक, मुंजी-गणपतीला चुलत-मावस सगळे नेतात आणि कित्येक वर्षांत काही हरवलं नाही. कारण कोठीच्या दाराला सुतळीने बांधलेली वही. नेताना नाव आणि तारीख, परत आणलं की आत्या पातेलं उलटं-सुलटं करून आतून बघते, कल्हई उडाली असेल तर नेणाऱ्याने करून आणायची, मग तो कलेक्टर असो. कौलांसाठी अशी वही कुणीच केली नाही, बस.

फतेगंजकर
@पोळातली हेच आम्हाला एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकवलं होतं, एलिनॉर ऑस्ट्रॉम, २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल. सामायिक कुरण, पाणी, जंगल हे सगळं नासतंच असं नाही, वापरणाऱ्यांनीच नियम केले, लक्ष ठेवलं आणि मोडणाऱ्याला दंड लावला तर पिढ्यान्पिढ्या चालतं. तुमच्या आत्याने ती पुस्तकं न वाचता केलं!

जुना रावपुरेकर
नोबेल ठीक आहे, पण पातेलं परत करता येतं, काकांना वरच्या मजल्यावरून परत काढता येत नाही.

मांजलपूरवाली
हाहा. प्रॉपर्टी कार्ड काढायला बाबांना आजच सांगते. अजून एक विचारायचं होतं, धाकट्या काकांकडून बाकीच्यांनी भाडं मागावं का? मोठे काका त्याच मुद्द्यावर पेटलेत.

पोळातली
भाडं नको मागू गं, त्यानेच भांडणं होतात. कॉर्पोरेशनचा वेरा (घरपट्टी) आणि कौलांची डागडुजी त्यांच्याकडे, मोठं काम निघालं की पाच भाग, आणि हे स्टॅम्प पेपरवर पाचही जणांच्या सह्यांनिशी करून घ्या. आत्यांच्या सह्या आधी घ्या, त्या नंतर महिनाभर पुण्याला जाऊन बसतात.