ओटीच्या भिंतीत बुजवलेला कोनाडा सापडलाय, गवंडी म्हणतो सगळा गिलावा पाडू. काय करू?

वादळानंतरचं_घर:

नमस्कार मंडळी. आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. जांभ्याचं आहे, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, त्याला लागून बाळंतिणीची खोली, मागे न्हाणी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पुढच्या बाजूची कौलं उडाली तेव्हा घाईघाईत पत्रे टाकले आणि मग ते तसंच राहिलं, सगळे मुंबई-पुण्याला, कोण बघणार. यंदा मनावर घेऊन काम काढलंय.

तर झालं असं की ओटीचं प्लायवूडचं सिलिंग कुजलं होतं म्हणून काढलं तर वरती अख्खी लाकडी तक्तपोशी (फळ्यांचं जुनं छत) निघाली, आम्हा भावंडांपैकी कोणालाच माहीत नव्हती. मग फुगलेलं सिमेंट प्लास्टर ठोकलं तर त्याच्या मागे जुना चुन्याचा गिलावा, हात लावला की गुळगुळीत आणि गार, आणि दाराच्या उजवीकडे ठोकल्यावर पोकळ आवाज आला म्हणून विटा काढल्या तर आत कमानीचा कोनाडा, वरचा भाग काजळीने काळा झालेला. मी खरंच दोन मिनिटं नुसता बघत उभा होतो. आत्याला फोन केला (८१ वर्षांची आहे, गावातच वाढली) तर ती म्हणाली, अरे तिथे रोज तिन्हीसांजेला दिवा असायचा, घरात वीज आली आणि त्याच वर्षी दादांनी तो बुजवला.

आता प्रश्न. गवंडी सोमवारी येतोय, म्हणतो चुना सगळा पाडून सिमेंट मारू, वर पीओपी, दोन आठवड्यांत मोकळे. भावालाही तेच हवंय कारण पुढे होमस्टे करायचाय. ओटीच्या दोन्ही खांबांवर हिरव्या ऑइल पेंटचे पाच-सहा थर आहेत, खाली नक्षी असावी असं वाटतंय, तो रंग कसा काढू? आणि माळ्यावर उरलेली कौलं ठेवलीत त्यांच्यावर इंग्रजीत बासेल मिशन आणि १८६५ असं छापलंय, म्हणजे घर १८६५ चं धरायचं का?

चिरेबंदी:

सोमवारी गवंड्याला थांबवा, ही पहिली विनंती. पाडलेला गिलावा परत येत नाही.

प्लास्टर फुगलं का ते आधी समजून घ्या. जांभा सच्छिद्र दगड, जोत्यातून पाणी वर शोषतो, आणि तुमच्याकडे हवेतसुद्धा मीठ. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल हळूहळू बाहेर निघून वाळते. वरून सिमेंट थापलं की ओलीची वाट बंद, ती आतच राहते, खार फुलतो आणि चार-पाच पावसाळ्यांत प्लास्टर सुटतं. परत सिमेंट मारलंत तर परत तेच होणार.

सगळी भिंत एकसारखी नसते. लाकडी दांड्याच्या टोकाने हलके हलके ठोकत जा, जिथे भरीव आवाज येतो तिथला चुना अजिबात काढू नका, पोकळ वाजतो तिथे खडूने खूण करा आणि तेवढाच काढून चुन्यानेच भरा. साधारण एक भाग चुना तीन भाग वाळू. खाडीची वाळू नको, खारी असते, नदीची धुतलेली घ्या. कळीचा चुना (न विझवलेला, खड्यांचा) आणलात तर निदान दोन-तीन आठवडे पाण्यात मुरवा, आणि चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, जोरात उकळून डोळ्यात उडतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. गिलावा झाल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवा. पावसाळ्यात हे काम काढू नका, दिवाळी ते फेब्रुवारी उत्तम. आणि नंतर वरून प्लॅस्टिक इमल्शन लावलंत तर सगळी मेहनत फुकट, साधी सफेदीच करा.

रोखठोक_गुहागर:

मी थोडं दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण हे सगळं मी स्वतः केलंय. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला मला तीन महिने लागले, शेवटी मिळालेले काका साठीच्या पुढचे होते, आणि मजुरी सिमेंटपेक्षा जास्तच गेली. तेव्हा अख्खं घर चुन्यात करायचा हट्ट धरू नका, भावाशी भांडण होईल आणि काम अर्धवट राहील. न्हाणी आणि नवीन बाथरूम सिमेंटमध्येच करा, तिथे रोज पाणी सांडतं, फक्त त्या भिंती शक्यतो नवीन बांधा, जुन्या जांभ्यावर टाइल चिकटवू नका. ओटी आणि माजघर मात्र सोडू नका. होमस्टेला येणारी माणसं पीओपी बघायला येत नाहीत, ते त्यांच्या फ्लॅटमध्ये असतंच, हे भावाला सांगून बघा.

सुतारपक्षी:

खांबांबद्दल सांगते, आमच्या घरात हे करून झालंय. ब्लो लॅम्प वापरू नका, सुकं लाकूड कधी पेट घेईल सांगता येत नाही. कोरड्या सँडपेपरने घासूही नका! घरच्या रंगांमध्ये शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही आपल्याकडे २०१७ च्या शेवटी लागू झाली, त्याच्या आधीच्या ऑइल पेंटमध्ये भरपूर शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. पेंट रिमूव्हर लावून, रंग मऊ झाला की लाकडी पट्टीने ओढून काढायचा, नक्षीच्या खाचांमध्ये जुना टूथब्रश आणि बांबूची काडी. दारं-खिडक्या उघड्या, तोंडाला चांगला मास्क, निघालेला रंग पिशवीत भरायचा, परसात माडाच्या बुंध्याशी टाकायचा नाही. एका खांबाला मला सहा दिवस लागले पण खालून फणसाचं पिवळं लाकूड वर आलं तेव्हा आई रडली.

नंतर जवसाचं तेल पातळ हाताने दोनदा. कोणी काजूबीचं तेल सांगेल, वाळवीला ते चांगलंच आहे, पण लाकूड काळं पडतं आणि कातडीवर फोड येतात, म्हणून वाशांची भिंतीत जाणारी टोकं आणि मागची बाजू एवढ्यालाच लावा, खांबांना नको.

कौलारू:

१८६५ हे तुमच्या घराचं साल नाही आणि कौल भाजल्याचंही नाही, त्या साली बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ते साल छापत राहिले. पहिल्या महायुद्धानंतर कारखाने मिशनकडून गेले आणि कौलांवर कॉमनवेल्थ ट्रस्टचं नाव यायला लागलं, तेव्हा तुमची कौलं बहुतेक त्याच्या आधीची, म्हणजे शंभर वर्षांच्या वर. फेकू नका, एकेक वाजवून बघा, खणखणीत वाजलं तर ते अजून छपरावर जाऊ शकतं.

पण घर कौलांपेक्षा जुनं असू शकतं. आधी आपल्याकडे कुंभाराचे नळे (अर्धगोल कौलं) असायचे, त्यांना रीपा, म्हणजे वाशांवर ठोकलेल्या आडव्या पट्ट्या, एकमेकींच्या जवळ लागतात, मंगलोरी कौलांना साधारण फूटभर अंतरावर. वाशांच्या वरच्या अंगाला खिळ्यांची जुनी भोकं दाट सापडली तर समजा आधी नळ्यांचं छप्पर होतं. सुताराने पटाशीने केलेल्या जोडाच्या खुणाही असतात, वासे उतरवणार असाल तर आधी फोटो काढा आणि खडूने नंबर टाका, नाहीतर परत बसवताना गोंधळ होतो.

वादळानंतरचं_घर:

सगळ्यांचे मनापासून आभार. गवंड्याला फोन केला, तो थोडा नाराज झाला पण बाथरूमचं काम आधी घेऊ म्हटल्यावर तयार झाला. भावाला रोखठोक यांचं वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही, पण रात्री त्यानेच कोनाड्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

आज दुपारी माळ्यावर चढलो होतो. वाशांवर भोकं आहेत, चार-चार बोटांवर! आणि चौथ्या वाशावर पटाशीच्या चार रेघा.

आत्याला व्हिडिओ कॉलवर कोनाडा दाखवला. तिने मोबाईल डोळ्याजवळ नेला आणि बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली डावीकडे बघ, हाताच्या उंचीवर शिसवीची खुंटी होती, दादा बाहेरून आले की टोपी तिथे अडकवायचे. तिथे आत्ता सपाट सिमेंट आहे. उद्या सकाळी उजेडात हळूच ठोकून बघतो, सापडली तर फोटो टाकतो.