घरगुती पर्जन्यमापक: मोजमाप अचूक कसे येईल?

प्रश्न: दोन लिटरच्या प्लास्टिक बाटलीचा वरचा भाग कापून, तो नरसाळ्यासारखा उलटा बसवून पर्जन्यमापक करावयाचा आहे. परंतु बाटलीचा तळ खोलगट व खाचांचा असल्याने मिलिमीटरची पट्टी नेमकी कोठून चिकटवावी?

उत्तर १: तळाशी स्वच्छ खडे टाकून, बाटलीच्या भिंती सरळ होतात तेथपर्यंत पाणी भरावे आणि त्या पातळीवर शून्य धरावे. मोजणीनंतर पाणी पुन्हा शून्यावर आणण्यास विसरू नये.

उत्तर २: मला पट्टीपेक्षा मोजपात्र अधिक भरवशाचे वाटते. ११.३ सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याचे तोंड सुमारे १०० चौरस सेंटिमीटर भरते. त्यामुळे खालचे भांडे कोणत्याही आकाराचे असले, तरी जमलेले दर १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस, असा सरळ हिशेब होतो.

उत्तर ३: जागाही महत्त्वाची आहे. भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर, उघड्यावर मापक ठेवावा. पागोळ्यांचे पाणी त्यात पडता कामा नये. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला नोंद घेतल्यास आकड्यांची तुलना करता येते.

प्रश्नकर्ता: आभार. मोजपात्राचीच पद्धत अवलंबतो.