मदत हवी आहे: द्राक्षबागेतल्या लोरा सेन्सरसाठी परवान्याचं काय?

सावळजकडच्या (तासगाव, सांगली) शेजारशेजारच्या बागांत पानांचा ओलावा आणि तापमान मोजणारे लोरा (कमी विजेवर लांबपर्यंत थोडी माहिती पाठवणारी रेडिओ पद्धत) सेन्सर लावायचे आहेत. डावणीच्या (वेलीवरचा बुरशीसारखा रोग) फवारणीचा निर्णय त्यावर घ्यायचा. गेटवे (सगळ्या सेन्सरची माहिती गोळा करणारं यंत्र) एकच, उंचावरच्या पाण्याच्या टाकीवर.

फ्रिक्वेन्सीचं पक्कं आहे: 865 ते 868 मेगाहर्ट्झ, ट्रान्समीटर 1 वॅटपर्यंत, अँटेना धरून 4 वॅट, कॅरियर 200 किलोहर्ट्झच्या आत. म्हणून लोराची बँडविड्थ 125 किलोहर्ट्झच ठेवणार, 250 किंवा 500 बसत नाही. या मर्यादेत स्पेक्ट्रमचा परवाना लागत नाही.

अडचण मालाची. स्वस्तात मिळतात ते बहुतेक 915 मेगाहर्ट्झवाले. लोराच्या अमेरिकन फ्रिक्वेन्सी प्लॅनमध्ये सेन्सर 902.3 ते 914.9 वर बोलतो, आणि आपल्याकडे 890 ते 915 मध्ये मोबाईल फोन टॉवरशी बोलतात. ते लावायचेच नाहीत. विक्रेता म्हणतो, सॉफ्टवेअरमधून 865 करून देतो. चिप ऐकेलही, पण अँटेना आणि मॅचिंग (चिप आणि अँटेना जुळवणारं सर्किट) 915 चंच राहतं, मग रेंज पडते.

आता विचारायचं ते:

रेडिओ मॉड्यूलला डब्ल्यूपीसीचं (दूरसंचार विभागाची स्पेक्ट्रम शाखा) ईटीए (उपकरण मंजुरी) प्रमाणपत्र आहे. तेच मॉड्यूल, पण अँटेना बदलून आपल्या डब्यात बसवलं, तर तयार यंत्राचं वेगळं ईटीए सरल संचारवर (विभागाचं ऑनलाइन पोर्टल) काढावं लागतं का?

दूरसंचार विभागाने 2022 मध्ये एमटूएम (यंत्राने यंत्राशी बोलण्याची) सेवा देणाऱ्यांना नोंदणी लावली. शेतकरी गट फक्त स्वतःच्या बागांसाठी, पैसे न घेता नेटवर्क चालवत असेल तर तोही त्यात येतो का? शेजारच्या गावाला वर्गणी घेऊन माहिती दिली तर?

ज्यांनी प्रत्यक्ष अर्ज भरलाय त्यांनी कोणती कागदपत्रं लागली ते कृपया लिहा. छाटणीआधी माल मागवायचाय.