मदत हवी आहे: खाडीकाठच्या खाजणात चिंबोरी (खेकडा) पोसावी की जिताडा मासा?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला असते, सासर निफाडचं. माहेर श्रीवर्धन तालुक्यात, खाडीकाठी. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि आमची सुपारीची वाडी आडवी झाली. दादाने श्रीवर्धनी रोठ्याची रोपं परत लावली, पण सुपारी धरायलाच सहा-सात वर्षं जातात. भातावर भिस्त ठेवावी तर खारबंदिस्तीला (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड पडलेली, उधाणाचं पाणी थेट शेतात. मे महिन्यात गेले होते तेव्हा ढेकळांवर मिठाची पांढरी खपली धरली होती. नखाने खरवडून जिभेवर ठेवली, खारटढोण! खाऱ्या जमिनीत तग धरणारं पनवेल 3 हे भाताचं वाण लावू, पण खांड बुजल्याशिवाय तेही कसं टिकणार?

वहिनीच्या बचत गटातल्या आठ जणी चिंबोऱ्या पोसायचं म्हणतायत. पोचट (आत मांस न भरलेली) चिंबोरी आणायची, डब्यात एकेक वेगळी ठेवायची (एकत्र ठेवल्या तर कात टाकलेलीला बाकीच्या खातात), स्वस्तातली मासळी घालून तीन-चार आठवड्यांत भरली की विकायची. दादाचं मन जिताड्यावर आहे, पेण-अलिबागकडे तळ्यात पाळतात तसं. मला वहिनीचं पटतं. वादळात एक खेप गेली तरी अख्खं वर्ष हातचं जात नाही.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, तेव्हा चिंबोऱ्या जगवता कशा? कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजनेत गटाला 90 टक्के सरकारी वाटा मिळतो, पण पैसे येईपर्यंत पदरचे किती घालावे लागले? वहिनी चौकशीला दोनदा गेली, दोन्ही वेळा "साहेब नाहीत" म्हणून परत पाठवलं. दिवसाची मजुरी बुडवून जातात हो या बायका.

आणि सगळ्यात मोठी काळजी विक्रीची. आमच्याकडे निफाडला भाव पडला तर उन्हाळ कांदा चाळीत टाकून थांबता येतं. चिंबोरी जिवंत आहे तोवरच तिला भाव. व्यापाऱ्याने अडवलं तर काय करता?

गणपतीला माहेरी जाणार आहे. त्याआधी कळलं तर सगळ्या जणींसोबत बसून ठरवता येईल. जागेचे फोटो हवे असतील तर टाकते.