सल्ला हवा: फरवाल्यांच्या वाटेने कनूतून तीन आठवडे (चर्चिल नदी, सस्कॅचवान)

कृष्णाकाठचा
राम राम मंडळी. सध्या मुक्काम कॅल्गरी. पुढच्या जुलैत मी आणि मेहुणा इल-आ-ला-क्रॉस गावाहून चर्चिल नदीत कनू घालणार. तिथून फ्रॉग पोर्टेज (पोर्टेज म्हणजे कनू आणि सामान खांद्यावर घेऊन चालायची, दोन पाण्यांमधली वाट) ओलांडून स्टर्जन-वियर नदीने थेट कंबरलंड हाउस. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीने १७७४ साली पश्चिमेकडच्या आतल्या मुलखात घातलेलं पहिलं ठाणं ते, म्हणून शेवट तिथेच करायची हौस. रजा २१ दिवस, रोजचे ४० किमी धरलेत. तीन उन्हाळे बो नदीवर वल्ही मारलीत. प्रश्न तीन: दिवस पुरतील का, कनू कुठली घ्यावी, खायचं काय? आणि वाट जरा वाकडी करून ते मेथी पोर्टेज जमेल का?

पावटा
मेथी? जुडी कितीला? :)

जुनं खोड
पावट्या, ती मेथी म्हणजे मासा रे. इथल्या मूळ रहिवाशांच्या क्री भाषेतलं नाव. फ्रेंचांनी त्याच माशाला लोश म्हटलं, म्हणून शेजारच्या तळ्याचं नाव ला लोश. १७७८ मध्ये पीटर पाँड हे पोर्टेज ओलांडून अथाबास्काच्या मुलखात उतरला आणि फरच्या धंद्याचा नकाशाच बदलला. अलीकडचं पाणी हडसन उपसागराला जातं, पलीकडचं आर्क्टिकला. पण कृष्णाकाठचे, ते सुमारे १९ किमी आहे. सामान दोन खेपांत नेलंत तर एका किलोमीटरला तीन किलोमीटर चाल पडते. हिशोब तुम्हीच करा.

मानसी_विनिपेग
मेथी विसरा. आणि रोज ४० किमीसुद्धा.

चर्चिलला नदी म्हणतात, पण आहे ती तळ्यांची माळ, मध्ये मध्ये रॅपिड, म्हणजे खडकांतून उसळणारं पाणी. क्री लोक तिला मिसिनिपी म्हणतात, म्हणजे मोठं पाणी. तुमचं वेळापत्रक तुम्ही नाही, वारा ठरवणार. आणि वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे पाठीवरचा, म्हणून खूश होऊ नका. निघता त्या किनाऱ्याच्या आडोशाला पाणी शांत दिसतं, मधोमध पोचेपर्यंत लाटा वाढलेल्या असतात आणि मागे वळायची सोय उरत नाही. आम्ही एकदा दीड दिवस अडकून कंटाळलो आणि भर दुपारी निघालो. कनूत घोट्यापर्यंत पाणी, चहा-साखरेची पिशवी तळाला. पुढचे नऊ दिवस बिनचहाचे. नवरा अजून ऐकवतो.

फर वाहून नेणारे जुने व्हॉयेजर नावाडी उगाच उजाडण्याआधी निघत नसत. चारला उठा, अकराच्या सुमारास किनारा धरा. आठवड्यातले दोन दिवस वाऱ्याच्या नावाने सोडा. २१ दिवसांत कंबरलंड हाउस गाठायचंच म्हटलं, तर नको त्या वाऱ्यात कनू घालाल.

कृष्णाकाठचा
मानसीताई, मग थांबायचं कुठे? मधे गाडीरस्ता आहे का?

मानसी_विनिपेग
मिसिनिपी गावाला. ऑटर तळ्याच्या काठी आहे, १०२ नंबरचा हायवे तिथे येतो. दिवस उरले तर पुढे स्टॅन्ली मिशन, तिथेही रस्ता आहे. गावासमोर पलीकडच्या काठावर १८५० च्या दशकात बांधायला घेतलेलं लाकडी चर्च आहे, सस्कॅचवानमधली सगळ्यात जुनी उभी इमारत. त्याच्याकडे पाण्यावरूनच जावं. स्टर्जन-वियर दुसऱ्या वर्षी करा. व्हॉयेजर तिला फ्रेंचमध्ये ‘मालीन्य’, म्हणजे दुष्ट नदी, म्हणत. अर्थात ते बिचारे उलट्या प्रवाहात चढायचे.

जुनं खोड
कनूबद्दल: केव्हलर धाग्याची कनू खांद्यावर हलकी, पण या दगडांवर जीव खालीवर होतो. दोघांना १७ फुटी, टी-फॉर्मेक्सची (चिवट प्लास्टिकच्या थरांची) घ्या. जड आहे, पण आपटली तरी तग धरते. कुरकुर करावीशी वाटली तर आठवा: व्हॉयेजर ४१-४१ किलोचे दोन गठ्ठे कपाळपट्टीवर तोलून पोर्टेज करायचे.

अन्नपूर्णा_एडमंटन
खायचं माझ्यावर सोडा. त्यांचं पेमिकन म्हणजे बायसनचं वाळवून कुटलेलं मांस आणि चरबी, महिनोन्महिने टिकायचं. आपलं पेमिकन म्हणजे भाजणी, कुळथाचं पीठ, मेतकूट. पिठलं दहा मिनिटांत होतं, गॅस वाचतो. तूप आणि सुक्या खोबऱ्याची चटणी हवीच, दिवसभर वल्हवून पोट नुसत्या भाताने भरत नाही. घट्ट झाकणाचा ६० लिटरचा निळा पिंप घ्या, रात्री तंबूपासून लांब ठेवा. आणि सुकट नको! अस्वलांना पत्ता कळवल्यासारखं होईल.

पावटा
अस्वल मालवणी निघालं तर?

मानसी_विनिपेग
मग कोकमसुद्धा न्या. कृष्णाकाठचे, सॅटेलाइट मेसेंजर विसरू नका, बहुतेक वाटेवर फोनला रेंज नाही. लाइफ जॅकेट अंगात, कनूत नाही. आणि डासांची डोक्यावरची जाळी दोन-दोन. एक नक्की फाटते.

कृष्णाकाठचा
ठरलं, मिसिनिपी. मेहुण्याला अजून सांगितलं नाहीये, त्याने कंबरलंड हाउसचा नकाशा भिंतीवर लावलाय. शेवटचा प्रश्न: गाडी इल-आ-ला-क्रॉसला सोडली तर मिसिनिपीला ती आणणार कोण?

जुनं खोड
गाडी पोचवून देणारे आउटफिटर, म्हणजे कनू-सफरींची सोय करणारे लोक, असतात, आत्ताच बोलून ठेवा. नाहीतर मेहुण्यालाच गाडीने पाठवा. नकाशा आहेच त्याच्याकडे.