रेड वेडिंगला रडलो नाही, सॅम घरी आला तेव्हा रडलो. असं का?

निवांत_वाचक:
दोन्ही मालिकांमधलं बरंच काही फोडणार आहे, न वाचलेल्यांनी इथूनच परत फिरा.

टोल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' गेल्या वर्षी झालं. मग दिवाळीपासून होळीपर्यंत जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चे ('गेम ऑफ थ्रोन्स' ज्यावरून केलं ते) पाचही खंड. तिसऱ्या खंडातलं ते लग्न, म्हणजे पाहुण्यांची कत्तल होते ते रेड वेडिंग, रात्री दीड वाजता वाचलं. मुलासोबत पाहुणी म्हणून आलेली केटलिन यजमानांपैकी एडविन फ्रेचा दंड धरते आणि रेशमी बाहीखाली तिच्या हाताला चिलखताच्या लोखंडी कड्या लागतात. पोटात गोळाच आला. पुस्तक उशीखाली ढकललं, दोन दिवस हात लावला नाही. पण डोळे कोरडे ठाक!

टोल्किनच्या शेवटच्या पानावर काय होतं? काही नाही. सॅम, अख्ख्या प्रवासातला फ्रोडोचा सोबती, त्याला कायमचा निरोप देऊन घरी येतो. आत दिवा, शेकोटी, जेवण तयार. बायको रोझ त्याच्या मांडीवर पोरीला ठेवते, तो म्हणतो, आलो परत. बस्स. डोंबिवली लोकलमध्ये उभ्याउभ्या रडलो. शेजारच्या काकांनी पाण्याची बाटली पुढे केली, त्यांना काय सांगणार?

ओसरी:
फक्त सॅमकडे नको बघूस. जी नष्ट करायला फ्रोडो निघाला ती अंगठी नष्ट झाली, युद्ध संपलं, तरी दर ६ ऑक्टोबरला फ्रोडोची जुनी जखम डोकं वर काढते. ज्या शायरसाठी, आपल्या मुलखासाठी, एवढा खटाटोप, तेही परत येईपर्यंत नासवलेलं (सिनेमात हे गाळलंय, माझा कायमचा राग). टोल्किन १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होता, त्या महायुद्धात त्याचे जिवलग मित्र गेले. आमचे मामा कारगिलहून धडधाकट आले. पण दिवाळीत फटाके सुरू झाले की आतल्या खोलीत जाऊन रेडिओ मोठा करतात. मला फ्रोडो तिथे कळला.

खवट_खोबरं:
माझं नेमकं उलटं. टोल्किनची निम्मी माणसं मला देव्हाऱ्यातली वाटतात, लांबून नमस्कार. मार्टिनमध्ये प्रकरणाला माणसाचंच नाव, म्हणजे आपण थेट त्याच्या डोक्यात मुक्कामाला. केटलिनच्या मनात शेवटी काय येतं? माझे केस कापू नका, नेडला आवडतात. मुलगा समोर मेलाय, नवरा कधीच गेलाय, आणि ही केसांचं म्हणतेय. मी तिथे हुंदके देऊन रडले, आई उठून बघायला आली. बाकी २०११ पासून सहाव्या खंडाची वाट बघतेय, ते रडणं वेगळं.

निवांत_वाचक:
@ओसरी, मामांचं वाचून गप्प झालो.
@खवट_खोबरं, केसांचं मला आठवतच नाही! बहुतेक त्या कड्या लागल्यावर पुढची पानं नुसती डोळ्यांखालून घातली, कोण मेलं तेवढं बघायला. आज परत काढतो. लोकलमध्ये नाही.